व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वूमन (गीत)

व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वूमन हे अमेरिकन गायक पर्सी स्लेज यांनी गायिलेले आणि इ.स. १९६६ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केलेले इंग्रजी प्रेमगीत आहे. 'पुरुष जेव्हा स्त्रीवर प्रेम करतो' असा शीर्षकाचा सरळ अर्थ होतो. रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतप्रवाहातून पुढे आलेल्या 'सोल' शाखेतील ते एक श्रेष्ठ गीत मानले जाते. अलाबामा राज्यातील शेफील्ड या लहानशा गावी मुद्रित झालेले हे गीत २८ मे १९६६ रोजी 'बिलबोर्ड हॉट १००' या लोकप्रियतेच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले आणि दोन आठवडे तेथे राहिले. गीताचे रचनाकार म्हणून कॅल्व्हिन लुईस आणि अँड्र्यू राइट यांची नावे नोंदलेली आहेत. गीताची चाल आणि मूळ कल्पना मात्र आपलीच होती, असे स्लेज पुढे अनेक मुलाखतींतून सांगत राहिले. गाणे नेमके कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे या गीताच्या इतिहासाशी कायमचा जोडला गेला आहे.

संगीतप्रकाराची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका वेगळ्या वर्गवारीत विकल्या जात. त्यांना 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे विशिष्ट वंशाच्या ध्वनिमुद्रिका, असे म्हटले जाई. 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने जून १९४९ मध्ये आपल्या क्रमवारीचे हे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' असे केले. हा पर्यायी शब्द सुचवणारे जेरी वेक्सलर हे तेव्हा त्या साप्ताहिकात वार्ताहर होते. १९५३ मध्ये ते अटलांटिक कंपनीत गेले आणि तेरा वर्षांनी प्रस्तुत गीत विकत घेण्याचा निर्णय त्यांच्याच हातून झाला. एका संगीतप्रकाराला नाव देणारा माणूसच त्याच्या एका मुख्य गीताचा आश्रयदाता व्हावा, असे योग संगीताच्या इतिहासात फार थोडे आढळतात.

नावात ताल आणि ब्लूज हे दोनच घटक असले, तरी या संगीताचा तिसरा आधार चर्चमधील भक्तिगायनाचा, म्हणजे गॉस्पेलचा होता. रे चार्ल्स यांनी १९५४ च्या अखेरीस 'आय गॉट अ वूमन' या गीतात गॉस्पेल शैलीच्या चालीवर ऐहिक प्रेमाचे शब्द बसवले. भाविक मंडळींपैकी अनेकांना ते रुचले नाही. परंतु मार्ग खुला झाला आणि पुढील दहा वर्षांत त्यातूनच 'सोल' संगीत आकाराला आले. 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वूमन' याच मार्गावरचे आहे. त्यातील शब्द प्रेयसीविषयीचे आहेत, पण स्वर प्रार्थनेचा आहे.

मसल शोल्स परिसर

अलाबामा राज्याच्या वायव्य भागात टेनेसी नदीच्या काठी फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स ही चार गावे एकमेकांना लागून वसलेली आहेत. चारही गावे मिळून या भागाला मसल शोल्स परिसर म्हटले जाते. ब्लूजचे आद्य प्रसारक म्हणून ओळखले जाणारे डब्ल्यू. सी. हँडी यांचा जन्म फ्लॉरेन्सचा, तर हेलन केलर यांचा टस्कंबियाचा.

फ्लॉरेन्स येथे सुरू झालेल्या आणि पुढे मसल शोल्स गावी हलवलेल्या 'फेम' या ध्वनिमुद्रणगृहाचे चालक रिक हॉल होते. हॉटेलात सामान वाहण्याचे काम करणारे आर्थर अलेक्झांडर यांचे 'यू बेटर मूव्ह ऑन' हे गीत त्यांनी १९६१ मध्ये मुद्रित केले आणि या परिसराकडे संगीतव्यवसायाचे प्रथम लक्ष गेले. तेथील वादक बहुतेक गौरवर्णीय, त्याच भागात वाढलेले, रेडिओवर कृष्णवर्णीय संगीत ऐकत शिकलेले तरुण होते. गायक मात्र बहुधा कृष्णवर्णीय असत.

काळाचा विचार केल्याशिवाय या गोष्टीचे महत्त्व लक्षात येत नाही. जानेवारी १९६३ मध्ये अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी पदग्रहणाच्या भाषणातच वंशभेदाच्या धोरणाचे उघड समर्थन केले होते. मार्च १९६५ मध्ये याच राज्यातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा संमत झाला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, त्याच राज्यातील एका साध्या खोलीत, एक कृष्णवर्णीय वॉर्डबॉय आणि चार-पाच गौरवर्णीय वादक हे गीत मुद्रित करण्यासाठी एकत्र बसले. तेथील वादकांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते : मुद्रणगृहाच्या दाराआड वर्णाचा विचार होत नसे, बाहेर पडताच तो करावा लागे.

गीताची उत्पत्ती

पर्सी स्लेज यांचा जन्म शेफील्डपासून जवळच असलेल्या लेटन येथे १९४० च्या सुमारास झाला. लहानपणी त्यांनी कापसाच्या शेतात काम केले आणि चर्चच्या गायकवृंदात गायन केले. १९६५ च्या सुमारास ते शेफील्ड येथील कोल्बर्ट परगण्याच्या रुग्णालयात वॉर्डबॉय म्हणून काम करीत आणि शनिवार-रविवारी 'एस्क्वायर्स कॉम्बो' या वाद्यवृंदाबरोबर गात. महाविद्यालयीन तरुणांच्या मेजवान्या हे या वाद्यवृंदाचे मुख्य उत्पन्न होते. कॅल्व्हिन लुईस त्यात बास गिटार वाजवीत आणि अँड्र्यू राइट ऑर्गन वाजवीत.

गीत कसे सुचले, याविषयी एकाहून अधिक हकिकती प्रचलित आहेत. स्लेज यांनी सांगितलेली सर्वांत प्रसिद्ध हकिकत अशी : बांधकामावरील त्यांचे काम सुटले, त्याच सुमारास प्रेयसी मॉडेल होण्यासाठी त्यांना सोडून गेली, आणि त्या दुःखात एका कार्यक्रमात त्यांनी नेहमीची गाणी सोडून मनातले गाणे सुरू केले. लुईस आणि राइट यांनी त्याला साथ दिली. चालीचा उगम त्याहून जुना असल्याचेही ते सांगत. शेतात काम करताना आणि पुढे रुग्णालयात रुग्णांची सेवा करताना हीच सुरावट आपण गुणगुणत असू, असे त्यांचे म्हणणे होते. या दोन हकिकतींत विरोध असलाच पाहिजे असे नाही. वर्षानुवर्षे ओठांवर असलेल्या सुरावटीला एखाद्या प्रसंगी शब्द मिळणे, ही लोकगीतांच्या बाबतीत तरी नित्याची गोष्ट आहे.

गीताचा प्रारंभीचा मजकूर आजच्याहून वेगळा होता. तो सोडून गेलेल्या प्रेयसीला विचारलेल्या जाबाच्या स्वरूपाचा होता. आजचे शब्द ध्वनिमुद्रणाच्या तयारीत घडत गेले.

ध्वनिमुद्रण

क्विन आयव्ही हे स्थानिक रेडिओ केंद्रावरील निवेदक होते. शेफील्डमध्ये त्यांचे ध्वनिमुद्रिकांचे दुकानही होते. १९६५ मध्ये त्यांनी 'नोराला' हे लहानसे मुद्रणगृह सुरू केले. 'नॉर्थ अलाबामा' या शब्दांतील आद्याक्षरे घेऊन हे नाव तयार केले होते. रिक हॉल यांच्याकडे काम वाढल्यामुळे नवोदितांना ते आयव्हींकडे पाठवू लागले होते. एका परिचिताच्या मध्यस्थीने स्लेज आयव्हींपर्यंत पोहोचले. आवाज ऐकून आयव्ही प्रभावित झाले, पण शब्द नव्याने बांधावे लागतील असे त्यांचे मत पडले. निर्मितीचे काम त्यांनी गिटारवादक मार्लिन ग्रीन यांच्यासह केले.

१९६६ च्या आरंभी झालेल्या या ध्वनिमुद्रणात स्पूनर ओल्डहॅम (ऑर्गन), मार्लिन ग्रीन (गिटार), ज्युनिअर लो (बास गिटार) आणि रॉजर हॉकिन्स (ड्रम) हे वादक होते. ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू जिमी जॉन्सन यांनी सांभाळली. ज्यांची नावे रचनाकार म्हणून नोंदली गेली, ते लुईस आणि राइट या वादकांमध्ये नव्हते. त्यांची वाद्ये येथे इतरांनी वाजवली.

गीताचा प्रारंभ ओल्डहॅम यांच्या फार्फिसा ऑर्गनने होतो. फार्फिसा हे इटालियन बनावटीचे, नेण्या-आणण्यास सोयीचे विजेवरील ऑर्गन होते. चर्चमधील मोठ्या ऑर्गनची गंभीरता त्याच्या अंगी नव्हती. आवाज पातळ, किंचित नाकातला. ओल्डहॅम यांनी त्यावर लांबवलेले स्वर इतक्या संयमाने धरले की त्या स्वस्त वाद्यातून प्रार्थनामंदिराचा भास निर्माण झाला. स्लेज यांचा आवाज त्यावर एकदम वरच्या पट्टीत, पूर्ण जोराने येतो. प्रास्ताविक आलाप किंवा हळूहळू चढत जाणे येथे नाही. पहिल्याच शब्दापासून गायक भावनेच्या शिखरावर असतो आणि पावणेतीन मिनिटांहून थोडा अधिक काळ तेथून खाली उतरत नाही. गायनाच्या दृष्टीने हे धोक्याचे आहे. पुढे अनेक निष्णात गायकांनी हे गीत गाऊन पाहिले, परंतु आरंभीचा तो ताण बहुतेकांना कृत्रिम वाद्यमेळाच्या आधारे निर्माण करावा लागला.

मुद्रित गीत रिक हॉल यांना ऐकवण्यात आले आणि त्यांनी अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलर यांना दूरध्वनी करून त्याची शिफारस केली. पुढची गोष्ट त्या परिसरातील बासवादक डेव्हिड हूड यांनी सांगितलेली आहे. गीताच्या अखेरच्या भागात वाजणारी फुंकवाद्ये सुरात नाहीत, असा आक्षेप न्यूयॉर्कहून आला. दुसरे वादक बोलावून तो भाग पुन्हा वाजवून घेण्यात आला आणि नवी फीत पाठवण्यात आली. मात्र फितींची अदलाबदल झाली व कंपनीने जुनीच, बेसूर वाद्यांची प्रत प्रकाशित केली. आज सर्वत्र ऐकू येते ती हीच. शेवटच्या भागात कान देऊन ऐकल्यास फुंकवाद्यांचे सूर आवाजापासून किंचित ढळलेले जाणवतात. श्रोत्यांनी त्याविषयी कधी तक्रार केल्याचे दिसत नाही.

रचना आणि आशय

गीताची लय संथ असून प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग पडतात. भारतीय संगीताच्या परिभाषेत तिला तिस्र जातीची म्हणता येईल. चर्चमधील संथ भजनांत आणि १९५० च्या दशकातील प्रेमगीतांत ही चाल सर्रास आढळते. शब्दांना ओढून, थांबून, हुंदक्यासारखे तोडून गाण्यास तीत भरपूर जागा मिळते.

स्वरसंगतीचे वैशिष्ट्य म्हणजे खर्जातील स्वर एकेका पायरीने खाली उतरत जातो. वर गायकाचा आवाज चढलेला असताना खालची बैठक अशी शांतपणे उतरत राहते आणि या दोहोंच्या अंतरातून गीताची व्याकुळता निर्माण होते. अशी उतरती रचना युरोपीय अभिजात संगीतातही परिचित आहे. १९६७ मध्ये प्रोकोल हॅरम या इंग्रज वाद्यवृंदाचे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे ऑर्गनप्रधान गीत गाजले, तेव्हा अभ्यासकांनी त्याची तुलना बाख यांच्या संगीताशी केली, तशीच स्लेज यांच्या या गीताशीही केली.

लोकप्रिय गीतांत कडव्यांनंतर येणारे ध्रुवपद असते आणि तेच श्रोत्याच्या तोंडी राहते. या गीताला तसे स्वतंत्र ध्रुवपद नाही. शीर्षकाचे शब्द कडव्याच्या आरंभी येतात आणि पुढे विधाने येत जातात : प्रेमात पडलेला पुरुष दुसरा कसलाच विचार करीत नाही, तिच्याविषयी वावगे बोलणाऱ्या जिवलग मित्राकडेही पाठ फिरवतो, हाती असेल ते सर्व खर्चून टाकतो, तिने म्हटल्यास पावसात उघड्यावर झोपतो. बोलण्याची पद्धत एखाद्या अनुभवी माणसाने जगाची रीत सांगावी तशी, तृतीयपुरुषी आहे. गीताच्या मध्यावर मात्र वक्ता एकाएकी प्रथमपुरुषात येतो आणि समोरच्या स्त्रीला उद्देशून स्वतःविषयी बोलू लागतो. तोवर सांगितलेली सारी सामान्य विधाने ही त्याचीच कहाणी होती, हे श्रोत्याला तेव्हा कळते. त्यानंतरच्या कडव्यात पुन्हा सामान्य विधान येते, पण आता त्याला तटस्थपणाचा आव राहत नाही.

या गीताला विवाहसमारंभांत मोठी मागणी असते. शब्द नीट ऐकल्यास याचे नवल वाटते. गीतातील स्त्री त्या पुरुषाशी प्रामाणिक आहे असे कोठेही म्हटलेले नाही. उलट ती त्याला फसवत असली तरी ते त्याला शेवटपर्यंत दिसणार नाही, असाच इशारा आहे. प्रेमाचे गौरवगान आणि प्रेमातील आंधळेपणाची कबुली या दोन्ही गोष्टी त्यात एकाच सुरात सांगितल्या आहेत, आणि आवाजातील आर्तता या दुसऱ्या अर्थाशी अधिक सुसंगत आहे. सोडून गेलेल्या प्रेयसीला विचारलेला मूळचा जाब बदललेल्या शब्दांखाली शिल्लक राहिला आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रकाशन आणि लोकप्रियता

गीत १९६६ च्या वसंत ऋतूत सात इंची, दर मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या तबकडीवर प्रकाशित झाले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस 'लव्ह मी लाइक यू मीन इट' हे गीत होते. रिदम अँड ब्लूज क्रमवारीत ते चार आठवडे अग्रस्थानी राहिले. सर्वसाधारण क्रमवारीत त्याने द मामाज अँड द पापाज यांच्या 'मंडे, मंडे' या गीताची जागा घेतली आणि दोन आठवड्यांनी आपली जागा रोलिंग स्टोन्सच्या 'पेंट इट ब्लॅक'ला दिली. ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. दहा लाख प्रतींच्या विक्रीबद्दल दिली जाणारी 'गोल्ड रेकॉर्ड' ही मान्यता अटलांटिक कंपनीला प्रथमच या गीतामुळे मिळाली. १९४७ पासून रे चार्ल्ससारखे कलावंत प्रकाशात आणणाऱ्या कंपनीला हा मान एका अज्ञात वॉर्डबॉयने मिळवून दिला.

मसल शोल्स परिसरात मुद्रित झालेले आणि हॉट १०० मध्ये पहिल्या स्थानी गेलेले हे पहिले गीत होते. त्याचा परिणाम दूरगामी झाला. वेक्सलर यांनी त्याच वर्षी विल्सन पिकेट यांना आणि जानेवारी १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिन यांना फेम मुद्रणगृहात आणले. फ्रँकलिन यांच्या कारकिर्दीला कलाटणी देणारे 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन (द वे आय लव्ह यू)' हे गीत तेथेच मुद्रित झाले. त्यातही ओल्डहॅम आणि हॉकिन्स यांनी साथ केली आहे. पुढे १९६९ मध्ये हॉकिन्स, जॉन्सन, हूड आणि बॅरी बेकेट यांनी शेफील्डमध्ये स्वतःचे 'मसल शोल्स साउंड स्टुडिओ' हे मुद्रणगृह काढले आणि त्या वर्षाच्या अखेरीस रोलिंग स्टोन्स तेथे ध्वनिमुद्रणासाठी येऊन गेले.

स्लेज यांनी रुग्णालयातील नोकरी सोडली. 'वॉर्म अँड टेंडर लव्ह', 'इट टेअर्स मी अप' आणि १९६८ मधील 'टेक टाइम टू नो हर' ही त्यांची नंतरची गीतेही चांगली चालली, पण पहिल्या गीताची उंची पुन्हा गाठली गेली नाही.

श्रेय आणि स्वामित्वधन

गीताच्या रचनेचे संपूर्ण श्रेय स्लेज यांनी लुईस आणि राइट यांना दिले. त्यांनी आपल्याला साथ दिली, चाल बसवण्यास मदत केली, ही त्यामागची भावना असल्याचे ते सांगत. हा निर्णय चुकीचा ठरला हे त्यांनी पुढे मान्य केले, पण त्या दोघांविषयी कटुता व्यक्त केली नाही. शब्द घडवण्यात ज्यांचा हात होता असे सांगितले जाते त्या आयव्ही आणि ग्रीन यांचीही नावे रचनाकारांत नाहीत.

या निर्णयाचे आर्थिक परिणाम समजण्यासाठी अमेरिकेतील प्रताधिकाराची व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. तेथील कायदा 'रचना' आणि 'ध्वनिमुद्रण' या दोन वेगळ्या वस्तू मानतो. रचना म्हणजे शब्द आणि चाल. तिचे हक्क गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्याकडे असतात. ध्वनिमुद्रण म्हणजे ती रचना विशिष्ट कलावंतांनी गाऊन-वाजवून प्रत्यक्षात आणलेला आविष्कार. १९०९ च्या कायद्यानुसार रचनेसाठी प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे दोन सेंट इतके स्वामित्वधन ठरलेले होते, आणि तो दर १९६६ मध्येही कायम होता. दहा लाख प्रतींचे २०,००० डॉलर होतात. त्यातून प्रकाशकाचा वाटा वजा होई. (तबकडीच्या मागील बाजूच्या, कोणी फारसे न ऐकलेल्या गीतालाही हाच दर लागू असे, त्यामुळे मागील बाजूस कोणाचे गीत जाते यावरून व्यवसायात नेहमी ओढाताण चाले.) गायकाला मिळे ते कंपनीशी झालेल्या करारानुसार विक्रीतील काही टक्के, आणि तेही ध्वनिमुद्रणाचा खर्च वळता झाल्यानंतर.

विक्री काही महिन्यांत ओसरते, रेडिओ मात्र गीत वर्षानुवर्षे वाजवतो, आणि खरा फरक तेथेच पडतो. अमेरिकेत नभोवाणी केंद्रे गीत वाजवल्याबद्दल रचनाकार व प्रकाशक यांना मोबदला देतात. गायक आणि वादक यांना देत नाहीत. गाणे वाजवल्याने गायकाची प्रसिद्धी होते आणि तोच त्याचा मोबदला, असा केंद्रांचा युक्तिवाद कायम राहिला आहे. म्हणून स्लेज यांचा आवाज रेडिओवर ऐकू येई त्या प्रत्येक वेळी पैसे लुईस, राइट आणि प्रकाशक यांच्या नावे जमा होत. दुसऱ्या कोणी हे गीत गायिले तरी रचनेचे स्वामित्वधन त्यांनाच मिळे, आणि तेथे तर स्लेज यांचा कोणताच संबंध उरत नसे.

इंटरनेटच्या काळात ही स्थिती थोडी बदलली. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता ध्वनिमुद्रणाचाही मोबदला मान्य केला. परंतु १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय प्रताधिकार कायद्याचे संरक्षणच नव्हते. ती वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांवर अवलंबून होती. १९६६ चे हे मुद्रण त्यातच येते. जुन्या कलावंतांना डिजिटल प्रसारणाचा मोबदला मिळण्याची केंद्रीय तरतूद ऑक्टोबर २०१८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने झाली. स्लेज यांचे निधन त्यापूर्वी साडेतीन वर्षे झाले होते.

ऐकणाऱ्याच्या दृष्टीने येथे एक अवघड प्रश्न उरतो. कागदावर उतरवलेली चाल आणि शब्द पाहिले तर ते साधे आहेत. त्यांना ज्याने असामान्य केले ती स्वरांची ओढ, श्वासांच्या जागा, शब्द तुटण्याची पद्धत हे सर्व लेखणीत न सापडणारे आहे. कृष्णवर्णीय संगीतपरंपरेत गाणे बहुधा गाता गाताच घडते, आणि लिखित रचनेलाच मालमत्ता मानणारा कायदा अशा कलावंतांना नेहमीच गैरसोयीचा ठरला. स्लेज यांनी आपले नाव आपखुशीने सोडले, हे खरे. इतर असंख्य गायकांच्या बाबतीत कंपनीचालकांनी किंवा निवेदकांनी स्वतःची नावे रचनाकारांत घुसवल्याची उदाहरणे त्या काळात विपुल आहेत. त्या मानाने येथे श्रेय निदान सहकाऱ्यांकडे गेले.

इतर गायकांची सादरीकरणे आणि चित्रपट

१९६६ मध्येच एस्थर फिलिप्स यांनी शीर्षकातील स्त्री-पुरुषांच्या जागा बदलून 'व्हेन अ वूमन लव्ह्ज अ मॅन' गायिले. बेट मिडलर यांनी 'द रोज' (१९७९) या चित्रपटात गायिलेले रूप रंगमंचीय आणि अधिक आक्रमक आहे. मायकल बोल्टन यांनी १९९१ मध्ये 'टाइम, लव्ह अँड टेंडरनेस' या संग्रहात हे गीत घेतले. ते नोव्हेंबर महिन्यात पुन्हा हॉट १०० च्या अग्रस्थानी गेले आणि पुढच्या वर्षी बोल्टन यांना त्यासाठी पॉप गायनाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दोन वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली गीते अमेरिकन क्रमवारीत मोजकीच आहेत. बोल्टन यांची गायकी कसलेली आहे आणि वाद्यमेळ भरजरी. मात्र दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकल्यास जुन्या मुद्रणातील रिकाम्या जागांचे मोल कळते.

स्लेज यांचे मूळ मुद्रण 'प्लॅटून' (१९८६) या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटात वापरले गेले. १९८७ मध्ये लीव्हाइस जीन्सच्या जाहिरातीमुळे ब्रिटनमध्ये त्याची नव्याने विक्री झाली आणि ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्या वेळी पहिल्या क्रमांकावर बेन ई. किंग यांचे 'स्टँड बाय मी' होते. तेही १९६१ चे जुने रिदम अँड ब्लूज गीत, आणि तेही याच जाहिरातमालिकेतून पुनरुज्जीवित झालेले. 'द क्राइंग गेम' (१९९२) या चित्रपटाचा आरंभ याच गीताने होतो. कथानक उलगडल्यावर ही निवड किती उपरोधपूर्ण होती ते ध्यानात येते. १९९४ मध्ये गीताचेच शीर्षक घेऊन लुईस मांडोकी यांनी चित्रपट केला. मेग रायन आणि अँडी गार्सिया यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या या चित्रपटाचा विषय पत्नीचे मद्यासक्त होणे आणि त्याचा संसारावरील परिणाम हा आहे.

गीताला १९९९ मध्ये ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. २००५ मध्ये स्लेज यांचा समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झाला. त्या प्रसंगी त्यांचा परिचय रॉड स्टुअर्ट यांनी करून दिला. 'मसल शोल्स' (२०१३) या माहितीपटात स्लेज यांनी नोराला येथील दिवसांविषयी सांगितले आहे. उत्पन्नाचा मुख्य आधार प्रत्यक्ष कार्यक्रमांचा असल्याने ते उतारवयातही अमेरिकेत आणि परदेशांत दौरे करीत राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी श्रोत्यांची फर्माईश याच गीताची असे. यकृताच्या कर्करोगाने १४ एप्रिल २०१५ रोजी लुईझियाना राज्यातील बॅटन रूज येथे त्यांचे निधन झाले.